बॅटरी बदलण्याआधी सांधा मोजा

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक वाहनं

या महिन्याच्या टपालातली बरीचशी पत्रं बॅटरीची तक्रार घेऊन आली आहेत. ती वाचल्यावर माझं मत असं झालं की यातल्या निम्म्याअधिक बॅटऱ्यांचा काही दोष नाही. दोष आहे तो एका बॅटरीतून दुसरीत करंट नेणाऱ्या जोडांत. मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला आधी मच्छीमार ट्रॉलरवरची वायरिंग करत होतो, आता इलेक्ट्रिक रिक्षा आणि स्कूटर दुरुस्त करतो. खाऱ्या हवेत तांब्याचं काय होतं ते रोज हाताखालून जातं, म्हणून या वेळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : नमस्कार दादा. मी हर्णै-दापोली भागात ई-रिक्षा चालवतो. ४ लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. सपाटीला गाडी ठीक पळते, पण घाटीत भरल्या गाडीला मरते. एका टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी येते. मी ती पुसून वर चाकाचं ग्रीस थापतो, पंधरवड्यात पुन्हा येते. मेकॅनिक म्हणतो चारही बॅटऱ्या बदला. एवढे पैसे घालण्याआधी तुम्हाला विचारतोय.

उत्तर : विचारलंत ते फार चांगलं केलंत. चार बॅटऱ्यांचे पैसे मोजण्याआधी मल्टीमीटर घेऊन थोडा वेळ काढा.

तुमच्या गाडीत १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट केलेले आहेत. म्हणजे ८ पोल (टर्मिनलं) आणि प्रत्येक पोलावर एक जोड. सगळा करंट या आठही जोडांतून जातो, त्यामुळे एक जरी बिघडला तरी गाडी त्याच्यावर अडते. सपाटीला करंट कमी असतो म्हणून दोष लपतो. चढावर मोटर ५० अँपिअरच्या आसपास ओढते तेव्हा तो उघडा पडतो. समजा एका जोडाचा अडथळा १० मिलिओहम झाला आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ५० अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट गळतो आणि २५ वॅटची उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असते ती सोल्डरिंग इस्त्री साधारण तेवढीच असते, आणि ती तुमच्या सीटखाली एका शिशाच्या पोलाला लावून ठेवल्यासारखी आहे. शिसं मऊ होतं, पोलाच्या बुडाचं सील सैल होतं, तिथून ॲसिडची वाफ अजून सुटते, जोड अजून बिघडतो.

आता मोजायचं कसं? चालत्या गाडीत सीटखाली हात घालू नका. गाडी चार्जिंगला लावल्यावर हेच जोड चार्जरचा करंट उलट्या दिशेने नेतात. तो चढावरच्यापेक्षा कमी असतो, पण स्थिर असतो. बॅटरी बऱ्यापैकी उतरलेली असताना मोकळ्या हवेत चार्जर लावा, म्हणजे सुरुवातीला पूर्ण करंट मिळेल. मीटर डीसीच्या २०० मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक थेट पोलाच्या शिशावर टेकवा, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नको. दुसरं टोक त्या पोलाला आलेल्या केबलच्या थिंबलवर, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीवर, टेकवा. आठही ठिकाणचे आकडे कागदावर लिहा. १२ अँपिअरच्या चार्जरवर चांगला जोड २-३ मिलिव्होल्ट दाखवतो. १० च्या वर गेला की मी तो उघडतो. तुमचा भुकटीवाला जोड ५० किंवा १०० दाखवेल असा माझा अंदाज आहे. सगळे आकडे एकसारखे लहान आले आणि तरी गाडी मरत असेल, तर बॅटरीवर संशय घ्या, आधी नाही. आणि चार्जिंग चालू असताना फक्त मोजायचं, एकही नट सैल करायचा नाही. बॅटरीतून त्या वेळी हायड्रोजन निघत असतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

भुकटीबद्दल. पांढरी आहे ती शिशाचं सल्फेट, निळसर आहे ते मोरचूद, म्हणजे तुमच्या पितळी क्लॅम्पमधलं आणि केबलमधलं तांबंच ॲसिडने खाल्लेलं. ती पुन्हा पुन्हा येते कारण खालचं ॲसिड तुम्ही कधी मारलंच नाही. ग्रीसखाली ते सुखाने काम करत राहतं. चार्जर काढा, एमसीबी (बॅटरीचा मुख्य स्विच) पाडा, अंगठी आणि कडं उतरवून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. क्लॅम्प काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने पोल आणि क्लॅम्प दोन्ही घासा. फेस येतो तोवर ॲसिड शिल्लक आहे. फेस थांबेपर्यंत करत राहा. बॅटरीची बुचं घट्ट असू द्या, सोड्याचं पाणी आत गेलं तर आतलंच ॲसिड मरेल. मग साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आमच्याकडे जुलैत हे आपोआप होत नाही, हेअर ड्रायर वापरा.

वाळल्यावर पॉलिश पेपरने शिसं चकचकीत होईल इतपतच घासा. कानस लावू नका. पोल वर निमुळता असतो आणि क्लॅम्प त्याच उताराला बसायला हवा. कानशीने उतार बिघडला की क्लॅम्प दोन ठिकाणीच टेकतो. क्लॅम्प पूर्ण खाली बसवून आवळा, हाताने फिरवून बघा, हलता कामा नये. पेट्रोलियम जेलीचा हात सगळ्यात शेवटी, बाहेरून. जेली करंट नेत नाही. धातूला धातू घट्ट टेकला की उरलेल्या फटीतून हवा आणि ओल आत जाऊ नये एवढंच तिचं काम. चाकाचं ग्रीस बेअरिंगसाठी असतं, ते तिथेच राहू द्या.

आणखी एक तपासा. भुकटी आठांपैकी एकाच पोलावर येत असेल, तर त्या पोलाच्या बुडाशी बॅटरीचं सील फुटलेलं असू शकतं. पोल पुसून, कोरडा करून, एका चार्जिंगनंतर बुडाशी ओल दिसली तर ती एक बॅटरी बदलावी लागेल. डिस्टिल वॉटर खुणेच्या वर भरत असाल तर तेही थांबवा. चार्जिंगच्या वेळी जास्तीचं पाणी ॲसिडसकट वर येतं.

हर्णैसारख्या बंदरात खाऱ्या वाऱ्याचंही लक्षात ठेवा. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतः पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे किनाऱ्यावर तुमच्या जोडावर बसलेला मिठाचा थर पावसाळाभर सुकतच नाही. पाऊस थेट बॅटरीवर पडला नाही म्हणून ती कोरडी आहे असं समजू नका. गणपतीच्या सुमारास गाडी दोन दिवस उभी असते तेव्हा सगळे जोड साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, पुन्हा जेली लावा.

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलाने बागेत क्रेट आणि खतं न्यायला बॅटरीवरची ट्रॉली बनवली. एलएफपीच्या (लिथियम आयर्न फॉस्फेट) १६ सेल आहेत, सेलची टर्मिनलं ॲल्युमिनिअमची, वर एम ६ चे (६ मिमी आट्यांचे) स्टड. दुकानातून आणलेली साधी तांब्याची पट्टी कापून, भोकं पाडून जोडली. पहिलं वर्ष छान गेलं. आता मोबाइलवर बीएमएस (प्रत्येक सेलचे व्होल्ट बघणारं सर्किट) बघितलं तर ७ नंबरची सेल चढावर सगळ्यात आधी खाली जाते, आणि चार्ज करताना तीच सगळ्यात आधी वर जाते. सेल खराब झाली का? आणि तांब्याच्या पट्टीला कुठलं ग्रीस लावावं?

उत्तर : तुमच्या मुलाचं मला कौतुक वाटतं. आणि तुम्ही लक्षण इतकं नेमकं लिहिलंत की अर्धं काम तिथेच झालं.

ओढताना खाली आणि भरताना वर, ही अडथळ्याची खूण आहे. क्षमता कमी झालेली सेल चार्ज-डिस्चार्जच्या शेवटाला भरकटते. करंट सुरू होताच उडी मारत नाही. ट्रॉली अर्धा तास उभी ठेवून बघा. त्या वेळी ७ नंबर बाकीच्यांच्या बरोबरीला येत असेल, तर अडथळा एक तर सेलच्या आत आहे किंवा तिच्या पट्टीच्या जोडात. हे ओळखायला चार्जिंग चालू असताना मीटरची टोकं थेट सेलच्या ॲल्युमिनिअमवर टेकवून व्होल्ट वाचा. मीटर ठीक दाखवत असेल आणि मोबाइल वेगळं सांगत असेल, तर सेल निर्दोष आहे. बीएमएसची बारीक वायर जिथे बसवली आहे तिथे पट्टीच्या जोडातली गळतीही सेलच्या नावावर मोजली जात आहे. मला बहुतेक वेळा हेच सापडतं.

आता पट्टी. ॲल्युमिनिअमवर नंगं तांबं आणि मधे ओल, हा संयोग द्राक्षबागेत तर करूच नये. ओल्या जागी हे दोन धातू स्वतःच एक लहानशी बॅटरी होतात आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनिअम, म्हणजे तुमच्या सेलचं टर्मिनल. पट्टी दुसरी मिळेल, टर्मिनल मिळणार नाही. त्यात तुमच्याकडे बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी असते. मोरचुदाचा अंश ॲल्युमिनिअमवर बसला की त्यातलं तांबं सुटून पृष्ठभागावर चिकटतं, तेवढं ॲल्युमिनिअम विरघळतं, आणि त्या प्रत्येक ठिपक्याभोवती खड्डा पडायला लागतो. किनाऱ्यावर मीठ करतं त्याच्या जोडीचं काम तुमच्याकडे फवारणीचा धुरळा करतो. म्हणून पहिलं सांगणं : ही ट्रॉली फवारणीच्या दिवशी बागेत नेऊ नका आणि पंपाशेजारी उभी करू नका.

पट्टी घ्यायची ती कल्हईची, म्हणजे टिन चढवलेल्या तांब्याची, किंवा निकेल चढवलेली. ॲल्युमिनिअमची पट्टीही उत्तम, कारण मग दोन्ही बाजूला एकच धातू येतो. फक्त ती तांब्याच्या सुमारे १.६ पट जाडीची लागते. साध्या पट्टीवर ग्रीस लावून भागेल का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. ग्रीस सुकतं, वाहून जातं, आणि त्याखाली दोन धातू तेच राहतात.

बसवण्याची पद्धत मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. ॲल्युमिनिअम घासून चमकवलं की त्यावर क्षणात नवा ऑक्साइडचा थर धरतो आणि तो थर करंट अडवतो. घासून ठेवलं, चहा घेतला, मग पट्टी बसवली, तर घासल्याचा उपयोग शून्य. म्हणून आधी टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग ॲल्युमिनिअमच्या जोडांसाठी मिळणारी, जस्ताची पूड घातलेली जोड-पेस्ट अगदी पातळ लावा, आणि त्या पेस्टमधूनच स्वयंपाकघरातली हिरवी घासणी फिरवा. थर निघतो आणि पेस्टखाली हवा नसल्याने नवा धरत नाही. काळवंडलेली पेस्ट पुसा, लगेच ताजी पातळ लावा, पट्टी ठेवा. पट्टी घासायची नाही, तिची कल्हई निघून जाईल. तांब्यावर वापरलेला तारेचा ब्रश ॲल्युमिनिअमला कधीही लावू नका, तांब्याचे कण त्यात रुततात. पेस्ट दोन टर्मिनलांच्या मधल्या प्लास्टिकवर पसरू देऊ नका.

पट्टी थेट टर्मिनलवर सपाट बसली पाहिजे. मधे वॉशर नाही, बीएमएसच्या वायरचं थिंबलही नाही. स्टेनलेस स्टील तांब्याच्या जवळपास ४० पट अडथळा करतं. तो वॉशर वर, नटाखाली. क्रम असा : टर्मिनल, पट्टी, त्यावर बीएमएसचं थिंबल, मग बशीसारखा फुगीर स्प्रिंग वॉशर, मग नट. साधा कापलेला स्प्रिंग वॉशर एकदा चपटा झाला की त्यात दम उरत नाही. फुगीर वॉशर ॲल्युमिनिअम तापून फुगलं-आकसलं तरी दाब धरून ठेवतो. ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे हे उन्हाळ्यात-हिवाळ्यात रोज घडतं.

आवळायला टॉर्क पाना घ्या. सेल बनवणाऱ्याने जो न्यूटन-मीटरचा आकडा दिला आहे तोच पाळा. एम ६ ला तो इतका कमी असतो की १० नंबरच्या साध्या पान्याला मनगटाचा जोर दिला तरी ओलांडला जातो, आणि टर्मिनलला वेल्ड केलेला स्टड उपटला की सेल गेली. सोळाही सेल फ्रेममध्ये घट्ट बांधलेल्या आहेत ना तेही बघा. चार्जिंगमध्ये सेल किंचित फुगतात. त्या हलत्या राहिल्या तर ताठ पट्टी प्रत्येक वेळी स्टड ओढते. मधे बाक दिलेली किंवा पापुद्र्यांची लवचीक पट्टी मला म्हणूनच पसंत आहे.

डबा पॅक करताना फटींना स्नानगृहाचं सिलिकॉन भरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि आतलं तांबं त्याने हिरवं होतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. आणि डबा पूर्ण हवाबंद करण्याच्या मागे लागू नका. दिवसा तापून हवा बाहेर जाते, रात्री थंड होताना कुठूनतरी ओलसर हवा आत ओढली जाते आणि पाणी होऊन आतच राहतं. हवा जाऊ देणारा पण पाण्याचा थेंब अडवणारा पडद्याचा व्हेंट मिळतो, तो लावा. केबल डब्यात खालून घ्या आणि आत जाण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल.

हे काम ५१ व्होल्टच्या पॅकवर आहे. शॉक फारसा लागणार नाही, पण दोन टर्मिनलांवर पाना पडला तर तो लाल होतो. एका वेळी एकच पट्टी उघडा, बाकीच्या टर्मिनलांवर रबरी चटई टाका, डोळ्यांना चष्मा लावा. मुलाला हे एकट्याने करू देऊ नका, सोबत थांबा.

प्रश्न : मी मालवणात राहते. माझ्या स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्ज करता येते. तिच्या प्लगमधल्या दोन पिनांपैकी एक काळी पडली आहे आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय. दुकानात पाणी हटवणारा स्प्रे मारून दिला. एवढं पुरे आहे का?

उत्तर : ताई, नाही. पिन नुसती काळी असती तर मी एवढा घाबरलो नसतो. चांगल्या पिनांवर चांदीचा मुलामा असतो आणि चांदी हवेत काळवंडते, त्याने फार बिघडत नाही. प्लास्टिक तपकिरी होणं म्हणजे तिथे खूप उष्णता झाली आहे, आणि उष्णतेने आतल्या स्प्रिंगचा ताण गेला आहे. ताण गेलेली पिन सैल टेकते, सैल टेकलेली अजून तापते. स्प्रेने ओल निघाली असेल, ताण परत आला नाही.

प्लगची दोन्ही अर्धी बदलून घ्या, बॅटरीकडची आणि गाडीकडचीही. एकच बदलली तर जुन्या अर्ध्याचा खडबडीतपणा नवीन पिनेला वर्षभरात खातो. वॉरंटी असेल तर हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करा आणि बॅटरी स्वतः उघडू नका. २०२२ मधल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या आगींनंतर आपल्याकडे अशा गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं, आणि बॅटरीच्या पेटीत पाणी जाऊ नये याची चाचणीही त्यात आली. म्हणून पेटी सहसा ठीक असते. तुमचा रोज काढला-घातला जाणारा प्लग मात्र उघड्यावर राहतो आणि त्याची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते.

प्लग काढताना किल्ली बंद, चार्जर बंद. करंट चालू असताना ओढलात तर दर वेळी पिनेवर एक छोटा चटका बसतो. ओल्या हाताने लावू नका. गाडी धुताना सीटखाली पाइप मारू देऊ नका. आणि नवीन प्लग बसल्यावर पहिले काही दिवस चार्जिंगच्या मध्याला चार्जर बंद करून प्लगला बोट लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर गाडी तशीच परत न्या, त्यांनी पिना केबलला नीट दाबलेल्या नाहीत.

प्रश्न : मी कोल्हापुरात आयटीआयला आहे. बॅटरीच्या जाड केबलला थिंबल बसवताना आमच्यात वाद होतो. काहीजण म्हणतात सोल्डर भरलं की कायमचं काम. तुमचं मत?

उत्तर : दाबून बसवा, सोल्डर भरू नका. सोल्डर केबलच्या बारीक तारांतून वर चढतं आणि जिथे संपतं तिथे केबल अचानक ताठ होते. रस्त्याच्या हादऱ्याने तारा नेमक्या त्या रेषेवर एकेक करून तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. शिवाय जोड तापलाच तर नेहमीचं शिसं-टिनचं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळतं, आणि त्याच वेळी जोड हातातून जातो.

केबलच्या मापाचंच थिंबल घ्या. २५ स्क्वेअर एमएमच्या केबलला ३५ चं थिंबल घालून हातोड्याने चेपणं मी कुणालाच माफ करत नाही. हायड्रॉलिक क्रिम्पिंग पान्यात त्याच मापाची षटकोनी डाय घाला आणि पूर्ण दाबा. शिकण्यासाठी एकदा असा दाबलेला जोड हॅक्सॉने आडवा कापून बघा. तारा एकमेकींत दबून जवळजवळ अखंड तांबं दिसलं पाहिजे. मधे काळे ठिपके दिसले तर तिथे हवा आहे, आणि हवेच्या मागून ओल येते. नंतर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह थिंबलच्या मानेपासून केबलच्या कव्हरवर येईल अशी चढवा आणि कडेतून गोंद बाहेर डोकावेपर्यंत गरम करा. साध्या स्लीव्हखाली ओल तारांच्या मधून आत ओढली जाते. ट्रॉलरवरच्या केबल सोलल्या तर टोकापासून वीतभर आत तांबं हिरवंकाळं निघायचं. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीला मी कल्हईच्या तारांचीच केबल घालतो. ती महाग पडते. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर साधी तांब्याची चालेल, पण गोंदवाली स्लीव्ह मग सोडायची नाही.